‘खरी जीप’ कोणती?

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत झरी लागते. काळ्या रानांमधून जाणाऱ्या या रस्त्यावर आज थार दिसली तर कोणी मान वळवून पाहत नाही, इतकी ती सवयीची झाली आहे. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी या भागात प्रवास केला, ते तिला सरळ ‘जीप’ म्हणतात. शहरांतील जुने वाहनप्रेमी मात्र तिला जीप म्हणायला तयार नाहीत. नवी थार चांगली की वाईट, यापेक्षा ती ‘खरी’ आहे की नाही, यावरच त्यांचे शब्द अधिक खर्च होतात. हा धागा त्या ‘खरे’पणाविषयी आहे.

आधी वादाची हकिगत. थार या नावाची पहिली गाडी २०१० मध्ये आली. तिचे अंग जुन्या जीपचेच होते: उघडी बाजू, कापडी छत, मागे कमानपाटे. १५ ऑगस्ट २०२० रोजी महिंद्राने पूर्णतः नव्या घडणीची थार जगासमोर आणली आणि २ ऑक्टोबरला विक्री सुरू केली. (कंपनीची स्थापना २ ऑक्टोबर १९४५ ची, मुहूर्त योगायोगाचा नव्हता.) शिडीसारखा पोलादी सांगाडा कायम राहिला, पण कमानपाटे गेले. १५० अश्वशक्तीचे पेट्रोल आणि १३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आले, स्वयंचलित गिअरचा पर्याय आला, स्पर्शपडदा आला, पक्क्या छताचा प्रकार आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत गाडीला चार तारे मिळाले.

प्रतिक्रिया सरळ दुभंगल्या. एका गटाला वाटले, अखेर कुटुंबाला घेऊन लांब पल्ल्याला जाता येईल अशी जीप मिळाली. दुसऱ्या गटाला वाटले, जीप गेली आणि तिचा मुखवटा घातलेली मोटार आली. समोरची जाळी अनेकांना इतकी खटकली की ती काढून जुन्या वळणाची जाळी बसवून घेण्याचा एक उद्योगच उभा राहिला. गाडी अमेरिकन रँग्लरची नक्कल आहे, हा आक्षेप तर पहिल्या दिवसापासूनचा. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी स्वस्त थार आली, तेव्हा ‘चारही चाकांना जोर नसलेली जीप ही जीपच नव्हे’ असा सूर उमटला. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली आणि पुन्हा तेच: कुणाला हवी होती तीच गाडी मिळाली, कुणाला थारचा अंत दिसला.

आवडीनिवडीशी इतिहासाला कर्तव्य नाही. पण ‘मूळ’ हा शब्द उच्चारला गेला की इतिहासाला बोलणे भाग पडते.

मूळ कोणते? १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ उत्पादकांकडे विचारणा केली. मुदत इतकी कमी होती की बहुतेकांनी त्या कामाकडे पाठ फिरवली. बँटम या लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने काही दिवसांत आराखडे पुरे केले आणि सप्टेंबर १९४० मध्ये बँटमची पहिली गाडी लष्करी तळावर पोहोचली. लष्कराने तो आराखडा विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवला, कारण बँटमकडे हजारो गाड्या ओतण्याची कुवत नव्हती. विलीजचे इंजिन सर्वांत दमदार ठरले, म्हणून मोठे कंत्राट विलीजला गेले आणि फोर्डही तोच नमुना बनवू लागली. युद्धकाळात सुमारे ६,४०,००० जीपगाड्या तयार झाल्या.

आणि जिच्यासाठी आज एवढा जीव पाखडला जातो ती उभ्या फटींची जाळी? तीही विलीजची नव्हे. सुरुवातीच्या विलीज गाड्यांना पोलादी पट्ट्या जोडून केलेली जड जाळी होती. एकाच पत्र्यावर ठसा मारून फटी पाडण्याची स्वस्त, हलकी युक्ती फोर्डची; विलीजने ती १९४२ मध्ये स्वीकारली. म्हणजे जीपचा चेहरा हा खर्च वाचवण्यासाठी केलेला बदल होता, आणि तोही प्रतिस्पर्ध्याचा.

विलीज मात्र जाहिरातींतून ‘जीप आम्ही निर्माण केली’ असे सांगत राहिली. प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेले आणि १९४८ मध्ये आयोगाने विलीजला तसा दावा करण्यास मनाई केली. एका वाहनाच्या ‘मूळ’पणाचा निवाडा त्याच्या जन्मानंतर आठ वर्षांच्या आत करावा लागला आणि तो असा लागला: एकटा जनक कोणीच नाही. तरीही १९५० मध्ये ‘जीप’ या नावाचा व्यापारी हक्क विलीजलाच मिळाला. नाव एकाचे, आराखडा दुसऱ्याचा, चेहरा तिसऱ्याचा.

भारतातील कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९४५ साली लुधियानात स्थापन झालेल्या कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. १९४७ मध्ये विलीजच्या सुट्या भागांच्या पहिल्या ७५ गाड्या आल्या आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला जुळणी होऊ लागली. १९५४ पासून टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनू लागले.

ज्या घडणीला भारतातील अनेक जण ‘अस्सल जीप’ मानतात, ती सीजे-३बी. तिचे उंच बॉनेट ही तिची ओळख. हे बॉनेट उंच का? विलीजने १९५३ मध्ये नवे हरिकेन इंजिन आणले. ते जुन्यापेक्षा उंच होते आणि जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते. मग बॉनेट आणि जाळी वर उचलली, एवढेच. युद्धकालीन बुटक्या जीपवर प्रेम करणाऱ्यांना हे रूप बेढब वाटले. अमेरिकेत हे रूप मागे पडले तरी भारतात ते दशकानुदशके बनत राहिले. एका पिढीचे बेढब दुसऱ्या पिढीचे अभिजात होते, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. बॉनेटची उंची मोजली तरी पुरे.

पुढे डिझेलची गरज भासली. महिंद्राने जीपमध्ये जे डिझेल इंजिन बसवले ते इंटरनॅशनलच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले होते. हा बदल शुद्धतावाद्यांच्या चर्चेत क्वचितच येतो, पण मराठवाड्यासारख्या प्रदेशात जीप रुजण्यामागचे एक मोठे कारण तोच असावा. ज्या मिस्त्रीचा हात ट्रॅक्टरवर बसला होता, त्याला जीप परकी वाटत नसे. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी डिझेल इंजिनाचा परवाना घेतला गेला आणि जीपला आणखी एक हृदय मिळाले. थोडक्यात, २०१० च्या थारपर्यंत येताना अमेरिकन आराखडा, ब्रिटिश-अमेरिकन ट्रॅक्टरचे इंजिन, फ्रेंच डिझेल आणि भारतीय पत्रा अशी चार-पाच वेळा गाडी आतून बदलून झाली होती. आणि चारही चाकांना जोर नसलेली जीप? तीही जुनीच. महिंद्राच्या कितीतरी जीपगाड्या केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. २०१० च्या थारमध्येसुद्धा तसा स्वस्त प्रकार उपलब्ध होता. २०२३ मध्ये ज्यांनी ‘परंपरा मोडली’ अशी हाकाटी केली, त्यांना परंपरा ठाऊक नव्हती.

ग्रंथांच्या अभ्यासकांना हा पेच परिचयाचा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हातोहात नकला होताना शिरलेले पाठ काढून टाकले. पुढे शतकानुशतके वारकऱ्यांसाठी तीच ज्ञानेश्वरी. १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली, तेव्हा तिच्या जुनेपणावरही वाद झालाच. पोथीचा संशोधक ‘मूळ संहिता’ शोधतो, तेव्हा बहुधा त्याच्या हाती आणखी एक नक्कलच येते. याचा अर्थ सर्व प्रती सारख्याच मोलाच्या असा नाही. अर्थ एवढाच, की कोणत्या प्रतीला आणि कशासाठी प्रमाण मानले हे सांगावे लागते. ‘ही मूळ आहे’ एवढे म्हणून सुटका होत नाही. गाडीबाबतही आक्षेपकाने सांगावे: प्रमाण १९४१ चे, १९५३ चे की २०१० चे?

अमेरिकेत हाच प्रश्न अगदी उलट्या बाजूने विचारला गेला. मार्च २०१८ मध्ये महिंद्राने तिकडे ‘रॉक्सॉर’ नावाची, रस्त्याबाहेरच चालवायची गाडी आणली. ती जुन्या थारचीच बहीण. जीपची तत्कालीन मालक फियाट क्रायस्लर ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे गेली. तक्रार अशी की चौकोनी अंग, सपाट उभ्या बाजू, बॉनेटच्या बाहेरून दिसणाऱ्या कड्या, हे सारे रूप जीपचे आहे. जून २०२० मध्ये आयोगाने रॉक्सॉरच्या विक्रीवर बंदी घातली. महिंद्राला चेहरा बदलावा लागला. डिसेंबरात आयोगाने बदललेल्या गाडीला मोकळीक दिली, तरी न्यायालयीन झगडा पुढे चालूच राहिला.

तारखांकडे लक्ष द्यावे. जून २०२० मध्ये अमेरिकेत ठरले की महिंद्राची गाडी जीपसारखी फारच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये भारतात ओरड झाली की महिंद्राची गाडी जीपसारखी राहिली नाही. माझगावात १९४९ पासून अधिकृतपणे जीप जुळवणाऱ्या कंपनीला एका देशात वारसा सांगायला मनाई आणि दुसऱ्या देशात वारसा सोडल्याचा ठपका. मालकीचे कायदे आणि स्मृती यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिले जातात.

खुद्द अमेरिकन जीपही यातून सुटली नाही. १९८६ मध्ये सादर झालेल्या पहिल्या रँग्लरला चौकोनी दिवे होते. चाहत्यांनी ते कधी माफ केले नाहीत आणि दहा वर्षांनी कंपनीला गोल दिवे परत आणावे लागले. ब्रिटनची लँड रोव्हर, जिची मालकी २००८ पासून टाटा मोटर्सकडे आहे, तिने २०१९ मध्ये नवी डिफेंडर दाखवली तेव्हा जुना सांगाडा सोडल्याबद्दल असाच गहजब झाला. आणि त्या लँड रोव्हरचा पहिला नमुना १९४७ मध्ये कशावर उभारला होता? जीपच्या सांगाड्यावर.

एवढे सगळे सांगून झाल्यावर शुद्धतावाद्यांना वेडे ठरवणे सोपे आहे. ते मात्र अन्याय्य होईल. काहीतरी गेले आहे, ही त्यांची जाणीव खरी आहे. ते जिथे शोधतात ती जागा चुकीची आहे. ते जाळीत शोधतात, दिव्यांत शोधतात, चार चाकांच्या जोरात शोधतात. परभणी जिल्ह्याच्या रस्त्यांवर जीप काय होती, हे पाहिले तर गेलेली गोष्ट वेगळीच निघते.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले, तेव्हा जीप हे त्या सैन्याचे रोजचे वाहन होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीप विकास गटाच्या कचेरीशी जोडली गेली. युनिसेफने प्राथमिक आरोग्य केंद्रांना गाड्या पुरवल्या. लस आणि परिचारिका जीपमधून गावात येऊ लागल्या. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सत्तेचे चालते-बोलते चिन्ह बनले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी मस्टर तपासायला येणाऱ्या साहेबाची चाहूल धुरळ्यावरून ओळखली असेल. निवडणुकीत याच गाडीवर कर्णे चढत. जीप म्हणजे सरकार, हे समीकरण मराठवाड्यात दोन पिढ्या टिकले, आणि त्यात जिव्हाळ्याइतकाच धाकही होता. शौकिनांच्या आठवणींत डोंगर, जंगल आणि चित्रपटातला नायक असतो, धाक नसतो.

मग जुन्या सरकारी जीपगाड्या लिलावात निघाल्या, नव्या खासगी गाड्या आल्या आणि काळी-पिवळी उगवली. महिंद्राची कमांडर असो वा पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, प्रवाशांसाठी सगळ्या जीपच. मागे समोरासमोर दोन लांब बाक, मधे पायांत पिशव्या, एखादे करडू, दुधाचा कॅन. एसटी वेळेवर येणार नाही याची खात्री असलेल्या खेड्यांत बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला नेणारी व्यवस्था ती हीच. गाडी भरल्याशिवाय सुटत नसे, आणि भरली म्हणजे काय याची व्याख्या चालकाच्या हाती असे. मागच्या फळीवर उभे राहून लटकणारी मुले हे या वाहतुकीचे नित्याचे चित्र होते.

जीपचे खरे अंग हे दोन बाक होते. तिची सारी उपयुक्तता तिथे बसलेली होती. २०२० च्या थारमध्ये सुरुवातीला काही स्वस्त प्रकारांत समोरासमोरचे बाक दिले गेले होते. ते लवकरच बंद झाले. धडक चाचणीत चार तारे मिळाले ते पुढे तोंड केलेल्या चार आसनांच्या गाडीला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच. आडव्या बाकावर पट्ट्याविना बसलेल्या माणसाला धडकेत कोणताच आधार नसतो, आणि काळी-पिवळीच्या अपघातांत या प्रदेशाने माणसे गमावली आहेत. त्या बाकांची हळवी आरती ओवाळण्याचे कारण नाही.

पण मग बदलाचे वर्णन तरी नेमके करावे. वाहन सामुदायिक होते, ते खासगी झाले. दहा-बारा जणांचे होते, ते चौघांचे झाले. झरीच्या पाराजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी जुनी जीप ही हात दाखवून थांबवायची गोष्ट होती. नवी थार समोरून जाऊ देण्याची. तिची मालकी बदललेली नाही, तिचा समाज बदलला आहे.

दुसरी हानी मिस्त्रीची. जुन्या जीपचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात आत जात असे, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येई, आणि पाने, पकड, हातोडी एवढ्यावर रस्त्याकडेची दुरुस्ती निभावून जाई. आजच्या इंजिनाचा कारभार संगणकीय नियंत्रकाकडे आहे; दोष कळण्यासाठीच यंत्र लावावे लागते. त्यामुळे धूर कमी झाला, इंधन नेमके जळू लागले, गाडी अधिक विश्वासू झाली. ट्रॅक्टरच्या ज्ञानावर जीप सांभाळणारा माणूस मात्र या व्यवहारातून बाहेर पडला. हीच गोष्ट ट्रॅक्टरबाबतही घडत आहे, म्हणून दोष एकट्या थारला देता येत नाही.

म्हणून या वादात बाजू घ्यायचीच तर ती अशी. नवी थार ही जीपच्या घराण्यातलीच आहे. घराणे सतत बदलतच येथवर आले. तिला नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी फोर्डची जाळी आणि बँटमचा आराखडा आठवावा. ‘पूर्वीपेक्षा सर्वच बाबतींत चांगली’ म्हणणाऱ्यांनीही एक प्रश्न टाळू नये: कोणासाठी? शहरातील चालकासाठी निश्चित. आतल्या प्रवाशाच्या जिवासाठीही निश्चित. शेवटची एसटी चुकलेल्या माणसासाठी ती चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ती त्याच्यासाठी बनवलेलीच नाही.

कंपन्या ग्राहकांचे ऐकतात, हेही खरे. थार रॉक्सचा अंतर्भाग पांढरट रंगाचा होता. भारतातील धुळीत तो टिकेल कसा, अशी तक्रार चाहत्यांनी लावून धरली. गाडी येऊन काही आठवडे होतात न होतात तोच फोर व्हील ड्राइव्हच्या प्रकारांसाठी गडद तपकिरी अंतर्भागाचा पर्याय जाहीर झाला. मागचे दोन बाक २०२० साली यादीतून गेले तेव्हा मात्र कोणी तक्रार लावून धरली नाही. ज्यांना ते बाक हवे होते, ते या गाडीच्या ग्राहकांत नव्हतेच.